ज्याच्या मेल्याची बातमी छापून आली, तो गोलकीपर फ्रान्समध्ये जाऊन फुटबॉल खेळत होता

तारीख 21 जून 1936. ठिकाण स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरातलं मेस्ताया स्टेडियम. स्पॅनिश कपची फायनल सुरू होती आणि समोरासमोर होते माद्रिद आणि बार्सिलोना.

माद्रिद 2-1 ने पुढे होतं, पण त्यांचा एक खेळाडू जखमी झाल्यामुळे मैदानात दहाच जण उरले होते. मॅच संपायला काही मिनिटं बाकी होती. तेवढ्यात बार्सिलोनाच्या एस्कोलाला मोकळी जागा मिळाली आणि त्याने गोलच्या कोपऱ्यात जोरदार शॉट हाणला. मैदान कोरडं ठणठणीत होतं. गोलकीपरने डावीकडे झेप घेतली आणि त्याच्या अंगाभोवती धुळीचा लोट उठला. बॉल कुठे गेला हे कुणालाच दिसेना. गोल झाला असं समजून बार्सिलोनाचे चाहते ओरडायलाही लागले.

धूळ खाली बसली तेव्हा गोलकीपर बॉल हातात घेऊन उभा होता.

त्या गोलकीपरचं नाव रिकार्डो झामोरा. वय वर्षं 35. धुळीत झेपावलेल्या झामोराचा तो फोटो आजही स्पॅनिश फुटबॉलमधल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक आहे.

पण या फोटोनंतर महिनाभरातच स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. अख्ख्या देशाला तोंडपाठ असलेला हा चेहरा आधी मेला म्हणून जाहीर झाला, मग तुरुंगात गेला आणि शेवटी देश सोडून पळाला.

त्याचीच ही गोष्ट.

डॉक्टर व्हायचं होतं, झाला गोलकीपर

झामोराचा जन्म 21 जानेवारी 1901 चा, बार्सिलोनातला. वडील डॉक्टर. पोरानेही डॉक्टरकीच करावी ही घरच्यांची इच्छा होती. आपल्याकडे असते तशीच. पण पोराचं डोकं फुटबॉलमध्ये. 1916 मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी तो एस्पान्योल या क्लबच्या मोठ्या टीममध्ये खेळायला लागला.

बार्सिलोना शहरात दोन मोठे क्लब, एक बार्सिलोना आणि दुसरा एस्पान्योल. दोघांचं हाडवैर. तीन वर्षांनी एस्पान्योलच्या एका संचालकाशी झामोराचं वाजलं आणि गडी थेट बार्सिलोनात गेला. तिथे 1920 आणि 1922 असे दोन स्पॅनिश कप जिंकले आणि 1922 मध्ये परत एस्पान्योलमध्ये आला.

बार्सिलोनातल्या काळात त्याला जोसेप सामितिएर नावाचा दोस्त मिळाला. सामितिएर म्हणजे त्या काळातला बार्सिलोनाचा हिरो. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढे परक्या देशात झामोराला पुन्हा हाच दोस्त भेटणार आहे.

स्पेनची पहिली मॅच आणि पहिला हिरो

1920 मध्ये बेल्जियममध्ये ऑलिम्पिक झालं. स्पेनच्या राष्ट्रीय फुटबॉल टीमने तोवर एकही मॅच खेळली नव्हती. 28 ऑगस्टला ब्रसेल्समध्ये डेन्मार्कविरुद्ध स्पेन पहिल्यांदा मैदानात उतरलं, तेव्हा गोलमध्ये 19 वर्षांचा झामोरा होता. स्पेनने ती मॅच 1-0 ने काढली आणि शेवटी सिल्व्हर मेडल घेऊनच टीम घरी आली.

याच स्पर्धेत इटलीविरुद्ध समोरच्या खेळाडूला ठोसा मारला म्हणून झामोराला मैदानाबाहेर काढण्यात आलं होतं. म्हणजे माणूस काही साधा सरळ नव्हता.

पण त्याची हवा झाली ती इथूनच. गळ्यापर्यंत येणारा पांढरा स्वेटर आणि डोक्यावर टोपी हा त्याचा ठरलेला पोशाख. हाताच्या पंजाऐवजी कोपराने बॉल दूर मारायची त्याची एक खास पद्धत होती. तिला त्याच्याच नावावरून झामोराना म्हणायला लागले. लोकांनी त्याचं टोपणनाव ठेवलं एल दिव्हिनो, म्हणजे दैवी. सिगारेटी मात्र तो भरपूर ओढायचा.

1926 मध्ये तर त्याच्या लग्नावर एक मूकपट आला आणि त्यात त्याने स्वतःच काम केलं. टीव्ही नाही, इंटरनेट नाही, तरी गोलकीपर थेट सिनेमाच्या पडद्यावर. आजच्या भाषेत सांगायचं तर स्पेनचा पहिला व्हायरल खेळाडू.

त्याच वर्षी स्पेनमध्ये फुटबॉलपटूंना उघडपणे पगार द्यायला कायद्याने परवानगी मिळाली. आधीही पैसे दिले जायचे, पण टेबलाखालून. या बदलाचा सगळ्यात मोठा फायदा झाला तो झामोरासारख्यांना.

इंग्लंडला पाणी पाजलं, मग इंग्लंडने व्याजासकट वसूल केलं

त्या काळात फुटबॉल म्हणजे इंग्लंड. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही देशाला इंग्लंडच्या मुख्य टीमला हरवता आलं नव्हतं. 15 मे 1929 ला माद्रिदमध्ये स्पेनने ते 4-3 असं करून दाखवलं. या मॅचमध्ये झामोराच्या छातीचं हाड मोडलं होतं आणि तरीही तो शेवटपर्यंत उभा राहिला, असं सांगितलं जातं.

इंग्लंडने हे लक्षात ठेवलं. 9 डिसेंबर 1931 ला लंडनच्या हायबरी मैदानावर स्पेनला बोलावलं. जगातला सगळ्यात भारी गोलकीपर म्हणून झामोराची जोरात जाहिरात झाली. निकाल लागला 7-1. जिंकलं इंग्लंड.

दैवी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाच्या गोलमध्ये एकाच दिवशी सात वेळा बॉल गेला. तेव्हा तो तिशीत होता. अनेकांना वाटलं की आता हा संपला. पण त्याचा सगळ्यात चांगला काळ नेमका याच दरम्यान सुरू होता.

माद्रिदने मोजली विक्रमी किंमत

1930 मध्ये माद्रिदने त्याला एस्पान्योलकडून घेतलं. या व्यवहाराचा आकडा दीड लाख पेसेटा असा सांगितला जातो. स्पेनमध्ये तोवर कुठल्याच खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती, आणि तीही गोलकीपरसाठी.

वर्षभरात स्पेनमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. रिआल म्हणजे राजेशाही, म्हणून क्लबच्या नावातून रिआल हा शब्दही गेला. म्हणजे झामोराने आपली बहुतेक वर्षं नुसत्या माद्रिदसाठी काढली.

1931-32 च्या सिझनमध्ये त्याच्यापुढे सिरियाको आणि किन्कोसेस हे दोन तगडे डिफेंडर उभे होते. लीगच्या 18 मॅचमध्ये माद्रिद एकदाही हरलं नाही आणि त्यांच्यावर गोल झाले फक्त 15. क्लबच्या इतिहासातलं हे पहिलं लीग विजेतेपद. पुढच्या वर्षी दुसरंही आलं.

फ्लोरेन्समधली मारामारी

1934 चा वर्ल्डकप इटलीत झाला. तिथे सत्ता मुसोलिनीची. घरच्या मैदानावर इटलीच जिंकली पाहिजे, हा दबाव सगळ्यांना जाणवत होता.

स्पेनने पहिल्याच मॅचमध्ये ब्राझीलला 3-1 ने घरी पाठवलं. झामोराने वाल्देमार दे ब्रितोची पेनल्टी अडवली. याच दे ब्रितोने पुढे एका लहान पोराला हेरून सान्तोस क्लबमध्ये नेलं. त्या पोराचं नाव पेले.

पुढची मॅच यजमान इटलीशी, 31 मे ला फ्लोरेन्समध्ये. ही मॅच कमी आणि धक्काबुक्की जास्त होती. स्पेनने आधी गोल केला. इटलीने बरोबरी साधली तेव्हा झामोराला अडवून धरलं होतं, अशी स्पेनची तक्रार होती. एक्स्ट्रा टाइम संपला तरी स्कोअर 1-1 च राहिला. तेव्हा पेनल्टी शूटआउट नव्हतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मॅच पुन्हा खेळायची असं ठरलं.

पण झामोराला इतका मार बसला होता की तो उतरूच शकला नाही. स्पेनने दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त टीम बदलली. इटली 1-0 ने जिंकली आणि पुढे वर्ल्डकपही जिंकली. त्या दुसऱ्या मॅचच्या स्विस रेफरीवर नंतर त्याच्याच देशाच्या संघटनेने कारवाई केली. झामोरा पुन्हा कधी वर्ल्डकप खेळला नाही.

आणि मग युद्ध आलं

आता परत येऊ 1936 च्या त्या धुळीच्या फोटोकडे.

फायनलनंतर चार आठवडेही झाले नव्हते. जुलैच्या मध्यावर लष्करातल्या काही अधिकाऱ्यांनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं. या बंडाचा पुढे नेता झाला जनरल फ्रँको. देशाचे दोन तुकडे पडले. माद्रिद सरकारच्या बाजूने राहिलं आणि रस्त्यावर डाव्या संघटनांच्या सशस्त्र टोळ्या फिरायला लागल्या.

झामोरा माद्रिदमध्येच होता. 1934 मध्ये याच प्रजासत्ताकाने त्याचा सन्मान केला होता. पण तो या नावाच्या उजव्या विचारांच्या कॅथलिक वर्तमानपत्रात तो लिहायचा. साध्या काळात याकडे कुणी लक्ष दिलं नसतं, पण त्या दिवसांत कुणाचं नाव यादीत टाकायला एवढं कारण पुरे होतं.

आणि मग बातमी आली की झामोराला माद्रिदमध्ये मारून टाकलं. वर्तमानपत्रात छापून आली, रेडिओवरून सांगितली गेली. बंडखोरांच्या हातात हा आयताच मुद्दा आला. डाव्यांनी देशाचा लाडका गोलकीपर मारला, असा प्रचार सुरू झाला. त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चर्चमध्ये प्रार्थनाही झाल्या.

झामोरा मात्र जिवंत होता आणि लपून बसला होता. पण लपणार तरी कसा? सिनेमात दिसलेला, पेपरात रोज छापून येणारा चेहरा. शेवटी तो सापडला आणि त्याला माद्रिदच्या मोडेलो तुरुंगात टाकलं.

हा तुरुंग म्हणजे मरणाची वेटिंग रूम होती. नोव्हेंबर आणि डिसेंबर 1936 मध्ये मोडेलो आणि माद्रिदच्या इतर तुरुंगांतून कैद्यांना गाड्यांत भरून शहराबाहेर पाराकुएयोससारख्या ठिकाणी नेलं आणि गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा दोन हजारांच्या वर असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

झामोराचं नाव त्यात आलं नाही. जी ओळख त्याला तुरुंगात घेऊन आली, तीच इथे कामी आली. पहारेकरी त्याच्याशी फुटबॉलच्या गप्पा मारायला यायचे आणि त्याच्यासोबत खेळायचे, असं सांगतात. ज्याच्या मॅच बघत आपण मोठे झालो, त्याच्यावर गोळी झाडणं सोपं नसावं.

कवीने वाचवलं, पण कवीला कुणी वाचवलं नाही

त्याच्या सुटकेचं श्रेय एका माणसाला दिलं जातं. पेद्रो लुईस दे गाल्वेझ. हा गाल्वेझ अराजकवाद्यांसोबत फिरणारा, कमरेला पिस्तूल लावणारा फाटका कवी. या गडबडीत त्याच्या शब्दाला वजन आलं होतं आणि ते वापरून त्याने झामोराला बाहेर काढलं, असं म्हणतात.

बाहेर आल्यावर झामोराने अर्जेंटिनाच्या वकिलातीत आसरा घेतला आणि तिथून फ्रान्स गाठलं. नीस शहरात त्याला भेटला जुना दोस्त सामितिएर, तोही स्पेनमधून निसटून आलेला. देशात ज्याच्यासाठी प्रार्थना झाल्या होत्या, तो झामोरा नीस क्लबच्या गोलमध्ये उभा राहून आपल्या दोस्तासोबत 1938 पर्यंत फुटबॉल खेळला.

1939 मध्ये फ्रँको जिंकला. त्याच्या कोर्टांनी शत्रूच्या बाजूच्या लोकांना शिक्षा ठोठवायला सुरुवात केली आणि त्यात गाल्वेझही सापडला. त्याने बऱ्याच जणांचा जीव वाचवल्याचं सांगितलं जात होतं, पण उपयोग झाला नाही. 1940 मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

नव्या राजवटीत परत

1938 च्या डिसेंबरमध्येच झामोरा स्पेनमध्ये परतला होता. फ्रँकोच्या ताब्यातल्या सान सेबास्तियनमध्ये सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या मॅचमध्ये तो खेळला. प्रजासत्ताकाने गौरवलेला माणूस आता दुसऱ्या बाजूच्या मैदानात होता. त्याने हे मनापासून केलं की जीव आणि पोट सांभाळायला, यावर आजही दोन मतं आहेत. त्या युद्धात कुणाच्याच बाजूचं न राहण्याची सोय फार थोड्यांना मिळाली आणि प्रसिद्ध माणसांना तर ती नव्हतीच.

युद्धानंतर तो कोच झाला. आजचा अॅटलेटिको माद्रिद तेव्हा हवाई दलाच्या टीमसोबत एकत्र झाला होता आणि अॅटलेटिको अॅव्हिएशन या नावाने खेळायचा. झामोराने त्यांना 1940 आणि 1941 अशी सलग दोन लीग जिंकून दिली. क्लबची ही पहिली लीग विजेतेपदं. पुढे त्याने इतर क्लब सांभाळले, 1952 मध्ये थोडा काळ स्पेनच्या टीमचाही कोच होता.

स्पेनसाठी तो 46 मॅच खेळला. हा विक्रम जवळपास चार दशकं टिकला आणि 1970 च्या दशकात तो मोडला होझे आन्हेल इरिबारने. तोही गोलकीपरच. ते बघायला झामोरा हयात होता. सप्टेंबर 1978 मध्ये तो बार्सिलोनात वारला. या वेळची बातमी खरी होती.

आज त्याचं नाव कुठे ऐकू येतं?

ला लिगा बघत असाल तर हे नाव तुमच्या कानावरून गेलेलं असणार. आयपीएलमध्ये सगळ्यात जास्त विकेट घेणाऱ्याला जशी पर्पल कॅप मिळते, तसा ला लिगामध्ये मॅचच्या हिशोबाने सगळ्यात कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरला झामोरा ट्रॉफी मिळते. मार्का हे स्पॅनिश क्रीडा दैनिक 1958-59 च्या सिझनपासून ती देतं. कासियास, वाल्देस, ओब्लाक, कुर्तुआ, सगळ्यांनी ती जिंकली आहे.

पुढच्या सिझनमध्ये कुणी ती ट्रॉफी हातात घेऊन उभा दिसला की मेस्तायाचा तो धुळीतला फोटो एकदा शोधून बघा. त्यात झेपावलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात काय होणार आहे याची काहीच कल्पना नव्हती. त्याच्यासाठी तेव्हा फक्त डावीकडून येणारा बॉल होता.