नीरा, पावटा आणि कमलाबाई

समुद्री शेवाळाच्या पुडीच्या जाहिराती आता आपल्या कोल्हापूरपर्यंतही पोचल्या आहेत. गगनबावड्याचा घाट उतरला की समुद्र काही फार लांब नाही. तिथले मासे आपण आवडीने खातो, पण शेवाळ आपल्या ताटात येते ते एकाच रूपात, चायना ग्रासच्या पुडिंगमधून! शेवाळात आयोडीन असते, खनिजे असतात, तंतू असतात, हे सारे खरे. पण मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते आणि शेवाळाच्या काही जातींत एका ग्रॅममध्येच त्याच्या कितीतरी पट असते. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीनच्या कमतरतेने बिघडते, तशी अतिरेकानेही बिघडते. तेव्हा कोणत्या जातीचे, किती आणि कोणी खायचे, हे आधी विचारायला हवे. असे प्रश्न विचारण्यातच जिचा जन्म गेला, अशी एक मराठी बाई होऊन गेली. डॉ. कमला सोहोनी.

दुर्गाबाई भागवत आपल्याला ठाऊक असतात. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली ही मुलगी साहजिकच त्याच संस्थेच्या दारात जाऊन उभी राहिली. संस्थेचे संचालक होते नोबेल मानकरी सर सी. व्ही. रामन. बाईमाणसाला प्रवेश नाही, असे त्यांनी कळवले. कमलाबाई हटल्या नाहीत; सत्याग्रहाची भाषा केली. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर उमेदवारी करायची, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचे आणि आपल्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही! ही शेवटची अट त्यांना जन्मभर बोचली, आणि ती बोचायलाच हवी होती. रामन यांच्या विज्ञानापुढे आपण सारेच नम्र आहोत, पण म्हणून हा अन्याय लहान होत नाही. वर्षभराचे काम पाहून रामन निवळले आणि कमलाबाईंच्या मागून इतर मुलींनाही ते दार उघडले.

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. तिथे दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले. पीएच.डी.चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा! १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये माधवराव सोहोनींशी विवाह झाल्यावर मुंबईची विज्ञान संस्था, असा पुढचा प्रवास.

मला त्यांचे मुंबईतले काम अधिक मोलाचे वाटते, कारण ते थेट गरिबाच्या ताटाशी येऊन भिडते. आपल्याकडे पावटा नीट शिजवूनच खायचा, असे सासू सुनेला सांगत आली. का, ते कोणी सांगत नसे. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या मागे लागले. १९५५ मध्ये त्यांनी पावट्यातून असे घटक स्फटिकरूपात वेगळे केले. शिजवल्यावर या घटकांचा जोर बराच ओसरतो. म्हणजे सासूचे म्हणणे बरोबर होते, प्रयोगशाळेने त्याचे कारण सांगितले.

नीरेचेही तसेच. ताडामाडाचा हा गोड रस सूर्य वर येण्याआधी उतरवून घ्यावा लागतो. ऊन लागले की तो आंबू लागतो आणि ताडी होते. दारूबंदीच्या काळात नीरेचा प्रचार जोरात होता, पण ती खरोखर पौष्टिक आहे का? राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी हे काम हाती घेतले. नीरेतील जीवनसत्त्वे आणि लोह त्यांनी तपासले. पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरा देऊन पाहिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. ही जीवनसत्त्वे आणि लोह ताडगुळातही टिकून राहतात, हेही त्यांना आढळले. गुऱ्हाळावर वाढलेल्या आपल्या जिल्ह्याला यात विशेष गोडी वाटावी. ऊस न पिकणाऱ्या मुलखातही गूळ होतो आणि तो पोटाला लागतो! या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र बऱ्याच विलंबाने मिळाले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी ग्राहकांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली होती. कमलाबाई १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या, तिच्या ‘कीमत’ मासिकात लिहीत राहिल्या. केंब्रिजची डॉक्टरीण आता बाजारातल्या गृहिणीच्या पिशवीत डोकावून पाहत होती.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. वय शहाऐंशीच्या पुढे होते.