नाईक यशवंत घाडगे : कोकणचा वीर, इटलीच्या दगडावर नाव

इटलीत रोमच्या दक्षिणेला कासिनो नावाचं शहर आहे. शहराला लागूनच दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची मोठी दफनभूमी आहे. चार हजारांवर कबरी, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा आणि मधे पाण्याचा हौद. हौदाच्या कडेनं हिरव्या संगमरवराचे उंच फलक उभे आहेत. ज्यांची कबर कुठंच सापडली नाही, त्यांची नावं त्यांवर कोरलीत. त्यातलं एक नाव आपल्या कोकणातलं आहे : नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस.

पळसगावचा पोरगा

यशवंत यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. डोंगरउताराची शेती, पावसावर भरवसा, बाकी हाताला काम नाही. अशा गावांतली पोरं एक तर मुंबईची गिरणी धरायची, नाहीतर पलटण. यशवंत पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन त्यांना मिळाली. विशीत ते नाईक झाले, म्हणजे दहा-बारा जवानांच्या तुकडीचे म्होरके.

राज्य इंग्रजांचं होतं आणि लढाई जर्मनीशी. तरी इटलीच्या डोंगरात सुमारे 50 हजार भारतीय सैनिक लढत होते. त्यातले 5,782 परत आलेच नाहीत.

10 जुलै 1944

टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांनी एक मोर्चा पक्का धरला होता. मराठ्यांच्या कंपनीनं त्यावर हल्ला चढवला. यशवंत यांची तुकडी पुढं सरकली आणि अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. काही क्षणांत सगळे जवान पडले, कुणी ठार, कुणी जखमी. उभे राहिले ते एकटे यशवंत.

मागं फिरले असते तर कुणी बोल लावला नसता. पण ते थेट मशीनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला. बंदूक आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प झाले. मग टॉमीगननं आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवीन भरायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि तिच्याच दस्त्यानं उरलेल्या दोघांना संपवलं. मोर्चा हाती आला. पण लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय 22, तेविसावं पूर्ण व्हायला चार महिने होते.

व्हिक्टोरिया क्रॉस हा तेव्हाचा शौर्याचा सर्वांत मोठा मान. इटलीच्या मोहिमेत असे 20 क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय सैन्यातल्या जवानांना. यशवंत यांचा क्रॉस मात्र त्यांच्या विधवा पत्नीच्या हाती आला. पदक घरी आलं, माणूस नाही. दहा महिन्यांनी, मे 1945 मध्ये, युरोपातलं युद्ध थांबलं. त्याच महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध एकवटले.

आठवण कुठं कुठं आहे

यशवंत पडले ते रोमच्या उत्तरेला आणि नाव आहे दक्षिणेला, कासिनोत. म्हणून तिथं जाणाऱ्यानं कबर शोधू नये. फलकांवर आधी रेजिमेंट, मग हुद्दा, मग नाव अशा क्रमानं बघावं. त्यांनी जिथं लढाई केली त्या भागात मोंटोने नावाचं गाव आहे. जुलै 2023 मध्ये तिथं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ऐंशी वर्षं होत आली तरी परक्या गावानं आठवण ठेवली.

इटली लांब आहे, पण माणगाव लांब नाही. डहाणूहून वसई, पनवेलमार्गे कोकण रेल्वेनं तिथं पोचता येतं. माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे.

आणि एक गोष्ट. आपल्याही घरात पणजोबा किंवा त्यांचा भाऊ लढाईवर गेला आणि आलाच नाही, असं म्हातारी माणसं सांगत असतील, तर त्याचं नाव मोबाईलवर शोधता येतं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांची नोंद आहे. पैसे लागत नाहीत. नाव, पलटण आणि साल ठाऊक असलं तर काम सोपं होतं. इंग्रजांनी नावांची स्पेलिंग कशीही लिहिलीत, तेव्हा दोन-चार प्रकारे टाकून बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा, कारण हे सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.