झुंजार आला का?

बारामती हे मोरोपंतांचं गाव. शाळेत आम्हाला आर्या पाठ कराव्या लागत आणि त्याच वेळी बाकाखाली मांडीवर ‘काळा पहाड’ उघडा असे. पंतांनी १०८ रामायणं रचली, याचं गुरुजींना कोण कौतुक! पण हजारावर पुस्तकं लिहिणारा एक माणूस तेव्हा मुंबईत हयात होता, त्याचं नाव मात्र वर्गात कधी निघालं नाही.

तो माणूस म्हणजे बाबूराव अर्नाळकर. जन्म १९०६चा, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. लोकांची नजर सुधारणाऱ्या या गृहस्थांनी अर्ध्या महाराष्ट्राला रात्री दिव्याखाली डोळे फोडायला लावले, ही गंमतच म्हणायची.

माझी आत्या त्यांपैकीच एक. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, जेमतेम चौथी शिकलेली. पोथीतल्या जोडाक्षरांना ती अडखळे. पण मी भाड्याने आणलेला झुंजार तिच्या हाती पडला, की स्वयंपाकघरातली कढी उतू जाई. बाबूरावांची वाक्यं लहान, संवाद भरपूर आणि मजकूर घरात चारचौघांत मोठ्याने वाचावा असा. वडिलांना हा प्रकार मुळीच आवडत नसे. त्यामुळे पुस्तक डाळीच्या डब्यात राही. दुपारी वाचनालयातून परतलो, की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: झुंजार आला का?

झुंजार यातून सुटणार, हे तिला पहिल्या पानापासून ठाऊक असायचं. कसा सुटणार, एवढीच उत्सुकता. झुंजार आणि त्याची पत्नी विजया, दुर्जनांना लुटणारा काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही मंडळी पुस्तकामागून पुस्तकात भेटत राहिली आणि आमच्या घरचीच झाली. पुढे इंग्रजी वाचू लागलो, तेव्हा धनंजय-छोटूमागे होम्स आणि वॉटसन दिसले. बऱ्याच कथा इंग्रजीवर बेतलेल्या होत्या. घाईही लपत नसे, योगायोग तर पानोपानी. हे सगळं मान्य. पण परक्या मुलुखातल्या चातुर्यकथा बारामतीच्या माजघरात कळतील अशा मराठीत आणणं आणि तेही हजारदा, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. गिनीज बुकाने त्यांच्या संख्येची दखल घेतली. आपल्या समीक्षकांनी मात्र बराच काळ त्यांच्याकडे पाठच फिरवली.

एकदा आणलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान कोणीतरी फाडलेलं निघालं. खुनी कोण, ते कळेना. दुसरी प्रत गावात मिळाली नाही. आत्या चार दिवस अस्वस्थ होती. तिचा संशय कारभाऱ्यावर, माझा डॉक्टरवर. या वादावर पुढे कितीतरी दिवाळ्या गेल्या.

जुलै १९९६मध्ये बाबूराव गेले. मी बातमी आत्याला वाचून दाखवली. एव्हाना तिला दिसेनासं झालं होतं. अर्नाळकरांचं आडनाव चव्हाण होतं, हे तिला त्या दिवशी प्रथमच कळलं. इतकी वर्षं आपल्याला हे वेषांतर ओळखता आलं नाही, याचा तिला थोडा रागच आला. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारलं, की तो कारभारीच होता ना रे? मी हो म्हणालो.