दोघांचे एक नाव

हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासात शंकर-जयकिशन हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. नाव एक असले, तरी माणसे दोन होती. त्यांपैकी जयकिशन यांच्या जीवनाचा परिचय या पाठात करून दिला आहे.

मुंबईत एका गुजराती दिग्दर्शकाच्या कार्यालयात दोन तरुण वरचेवर येऊन बसत. दोघांनाही काम हवे होते. दिग्दर्शकांची वाट पाहता पाहता एक दिवस दोघे एकमेकांशी बोलू लागले. एक जण तबला वाजवीत असे. त्याचे नाव शंकर. दुसरा हार्मोनियम वाजवीत असे. त्याचे नाव जयकिशन. शंकर त्या वेळी पृथ्वीराज कपूर यांच्या 'पृथ्वी थिएटर्स' या नाटकमंडळीत तबलजी होते. मंडळीला एक हार्मोनियमवादक हवा होता. पृथ्वीराजांना न विचारताच शंकर यांनी जयकिशन यांना नोकरीचा शब्द देऊन टाकला, असे सांगतात. पृथ्वीराजांनी तो शब्द खाली पडू दिला नाही. जयकिशन 'पृथ्वी थिएटर्स'मध्ये दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले.

जयकिशन यांचे पूर्ण नाव जयकिशन दयाभाई पांचाल. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२९ रोजी दक्षिण गुजरातमधील वांसदा या गावी झाला. त्या काळी वांसदा हे एक लहानसे संस्थान होते. लहानपणापासून जयकिशन यांचा ओढा संगीताकडे होता. हार्मोनियमवर त्यांची बोटे सहज फिरत. पण लहान गावात अशा कलेला फारसा वाव नव्हता. म्हणून ते मुंबईला आले. शंकर हे त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे होते आणि हैदराबादेत वाढले होते. एकाची मातृभाषा गुजराती. दुसऱ्याच्या कानांवर लहानपणापासून उर्दू आणि तेलुगू पडलेली. स्वभावही वेगळे. पण सुरांच्या बाबतीत दोघांचे चांगले जमले.

पृथ्वीराजांचे पुत्र राज कपूर यांनी 'बरसात' हा चित्रपट काढायला घेतला. त्याचे संगीत देण्याची संधी शंकर यांना मिळत होती. शंकर यांनी ती एकट्याने घेतली नाही. जयकिशन यांना बरोबरीचा वाटेकरी करून घेतले. १९४९ साली 'बरसात' पडद्यावर आला आणि त्याची गाणी घरोघरी पोहोचली. त्या वेळी जयकिशन विशीच्या उंबरठ्यावर होते. पुढे 'आवारा' आणि 'श्री ४२०' या चित्रपटांमुळे हे संगीत देशाच्या सीमा ओलांडून रशियासारख्या दूरच्या देशातही गेले.

या यशात आणखी पुष्कळ जणांचा वाटा होता. गाणी लिहिणारे शैलेंद्र रावळपिंडीत जन्मलेले. ते मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. दुसरे गीतकार हसरत जयपुरी. त्यांचे मूळ नाव इक्बाल हुसेन. जयपूरहून आलेला हा उर्दू शायर मुंबईत बसकंडक्टरची नोकरी करीत होता. त्यांची शायरी मुशायऱ्यात ऐकून पृथ्वीराजांनी त्यांची शिफारस राज कपूर यांच्याकडे केली. शंकर-जयकिशन यांचे सहायक दत्ताराम वाडकर यांच्या ढोलकाचा ठेका इतका गाजला, की पुढे तो 'दत्ताराम ठेका' या नावानेच ओळखला जाऊ लागला.

संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसूझा हे गोव्याचे. फाळणीपूर्वी ते लाहोरात वाद्यवृंद चालवीत असत. देशाची फाळणी झाल्यावर ते मुंबईला आले. संगीत संयोजकाचे काम काय असते, हे आपण समजून घेऊ. संगीतकार हार्मोनियमवर चाल बसवतो. पण गाणे म्हणजे केवळ चाल नव्हे. कोणत्या ओळीनंतर व्हायोलिन वाजावीत, कोठे बासरी यावी, कोठे सर्वांनी थांबावे, हे आधी ठरवावे लागते. प्रत्येक वादकाला त्याचा भाग कागदावर लिहून द्यावा लागतो. सेबॅस्टियन हे काम पाश्चात्त्य स्वरलिपीत करीत. गोव्यातील अनेक वादक ती स्वरलिपी चर्चच्या शाळांत लहानपणीच शिकलेले असत. त्यामुळे मुंबईच्या वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांची संख्या मोठी होती. त्यांच्या शेजारी सतार आणि तबला वाजवणारे हिंदू व मुसलमान कलावंत बसत. अकॉर्डियन वाजवणारे गुडी सीरवई हे पारशी होते. कागदावरचे सूर वाचणारे आणि गुरुमुखातून शिकलेले असे दोन्ही प्रकारचे वादक एकाच खोलीत एकच गाणे वाजवीत.

अशा वाद्यवृंदाला शोभेल असे काम १९५६ साली शंकर-जयकिशन यांच्याकडे आले. दिग्दर्शक मोहन सेगल यांचा 'न्यू दिल्ली' हा तो चित्रपट. एक पंजाबी तरुण जालंधरहून दिल्लीला येतो. त्याला राहायला खोली हवी असते. पण प्रत्येक घरमालक आपल्याच प्रांताच्या माणसाला खोली द्यायला तयार असतो. शेवटी तो तरुण मद्रासी माणसाचे सोंग घेतो आणि खोली मिळवतो. पुढे एका तमिळ मुलीवर त्याचे मन जडते. इकडे त्याच्या बहिणीला एक बंगाली चित्रकार आवडतो. मग दोन्ही घरांतील वडीलधारे संतापतात आणि एकच गोंधळ उडतो. किशोरकुमार यांनी त्या तरुणाची आणि वैजयंतीमाला यांनी त्या मुलीची भूमिका केली. चित्रपट हसवतो, पण ज्याला परक्या शहरात खोली नाकारली गेली आहे, त्याला या हसण्यामागचे दुःख कळते.

हे वर्षही विशेष होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भारतातील राज्यांची भाषेच्या आधारावर पुनर्रचना झाली. मुंबई कोणाची, या प्रश्नावरून शहरातील वातावरण तापलेले होते. मराठी आणि गुजराती माणसांमध्ये कटुता आली होती. अशा दिवसांत त्याच मुंबईत एक गुजराती, एक हैदराबादी आणि त्यांचे गोव्याचे साथीदार मिळून पंजाबी आणि तमिळ घरांच्या कथेला संगीत देत होते.

'न्यू दिल्ली'च्या गाण्यांत हे निरनिराळे प्रांत आपापल्या रंगांत भेटतात. किशोरकुमार यांच्या तोंडी पाश्चात्त्य ढंगाचे खेळकर गाणे आहे. वैजयंतीमाला यांच्या नृत्यासाठी लता मंगेशकर यांनी गायिलेले शास्त्रीय वळणाचे गाणे आहे. ठेका बदलतो, वाद्ये बदलतात. पण ऐकणाऱ्याला ही गाणी एकाच घरातली वाटतात.

गाण्यांखेरीज चित्रपटाला पार्श्वसंगीतही लागते. पात्रे बोलत असताना, चालत असताना, रडत किंवा हसत असताना मागे जे संगीत वाजते, ते पार्श्वसंगीत. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांत ही बाजू मुख्यतः जयकिशन सांभाळीत. त्या काळी हे काम मोठ्या कसरतीचे होते. पडद्यावर प्रसंग चालू केला जाई. तो पाहत सर्व वादक एकाच वेळी वाजवीत. प्रसंग एका मिनिटाचा असेल, तर संगीतही तेवढेच हवे. पात्राने दार उघडले, की नेमक्या त्या क्षणी सूर बदलला पाहिजे. एक जण चुकला, तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे.

त्यातही विनोदी चित्रपटाचे पार्श्वसंगीत अवघड. दुःखाच्या प्रसंगी व्हायोलिनचा लांब सूर पुरतो. विनोदाचे तसे नसते. संगीताने फार गलबला केला, तर पात्राचे बोलणे बुडून जाते आणि कोणी हसत नाही. संगीत मंद पडले, तर प्रसंग रेंगाळतो. म्हणून तेथे हलका हात लागतो. बासरीची एक लकेर, व्हायोलिनच्या तारांना बोटांनी दिलेले दोन झटके, मग क्षणभर शांतता. एवढ्यानेही काम होते. कोठे वाजवावे यापेक्षा कोठे थांबावे, हे ज्याला कळते, तोच असे संगीत देऊ शकतो. जयकिशन यांना ते कळत होते. म्हणूनच पार्श्वसंगीतातील त्यांच्या हातोटीची आजही वाखाणणी होते.

त्याच वर्षीच्या 'चोरी चोरी' या चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे असे एकूण नऊ पुरस्कार त्यांच्या वाट्याला आले. १९६८ साली भारत सरकारने दोघांना 'पद्मश्री' देऊन गौरवले. त्याच वर्षी त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य जॅझ यांचा मेळ घालणारी एक ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात उस्ताद रईस खान यांनी सतार वाजवली होती.

परंतु कीर्ती वाढली, तसा मैत्रीवर ताणही पडला. कोणती चाल कोणी बांधली हे बाहेर सांगायचे नाही, असा दोघांत संकेत होता. १९६४ सालच्या 'संगम' चित्रपटानंतर तो मोडला. त्यातील एका लोकप्रिय गाण्याची चाल आपली असल्याचे जयकिशन यांच्याकडून जाहीर झाले, असे सांगितले जाते. शंकर दुखावले गेले. पुढे पुढे दोघे वेगवेगळ्या चित्रपटांचे काम स्वतंत्रपणे करू लागले. ज्यांनी इतक्या प्रांतांच्या माणसांना एका सुरात बांधले, त्यांनाच आपल्या दोघांतील सूर सांभाळणे जड गेले. तरीही एक गोष्ट त्यांनी मोडली नाही. चित्रपट कोणीही केलेला असो, पडद्यावर नाव दोघांचेच येत असे.

जयकिशन हसतमुख आणि मोकळ्या स्वभावाचे होते. चर्चगेटजवळच्या गेलॉर्ड या उपाहारगृहात ते नेहमी बसत. त्यांची जागाही ठरलेली असे. मात्र त्यांनी प्रकृतीची काळजी घेतली नाही. यकृताच्या विकाराने त्यांना ग्रासले. १२ सप्टेंबर १९७१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची बेचाळीस वर्षेही त्यांनी पूर्ण केली नव्हती. त्यांच्या मृत्यूनंतर गेलॉर्डमधील त्यांचे टेबल काही काळ रिकामे ठेवण्यात आले होते, असे सांगतात.

आता शंकर एकटे उरले. मनात जुना राग असता, तर जोडीदाराचे नाव गाळून टाकणे त्यांना सोपे होते. लोकांनीही त्यात काही गैर मानले नसते. पण शंकर यांनी तसे केले नाही. जयकिशन गेल्यानंतर १९७२ साली आलेल्या 'बेईमान' चित्रपटाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तोही शंकर-जयकिशन या नावाने. २६ एप्रिल १९८७ रोजी शंकर यांचे निधन झाले. तोपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ, ते एकटे काम करीत राहिले आणि नाव दोघांचे लावीत राहिले.

कार्यालयात वाट पाहत बसलेल्या एका अनोळखी तरुणाला शंकर यांनी एकदा शब्द दिला होता. पुढे भांडण झाले, अबोला आला, मृत्यूही आला. पण ज्याला आपल्या शेजारी जागा दिली, त्याची जागा त्यांनी शेवटपर्यंत राखली.

'न्यू दिल्ली'तील घरमालक पाहुण्याचा प्रांत विचारून दार उघडत होते. शंकर आणि जयकिशन यांनी आपल्या वाद्यवृंदाचे दार उघडताना फक्त एकच गोष्ट पाहिली. समोरच्याला सूर लावता येतो की नाही, एवढेच त्यांनी विचारले. म्हणून गुजरात, हैदराबाद, गोवा, जयपूर आणि रावळपिंडी येथून आलेली माणसे मुंबईत एकत्र बसू शकली. त्यांनी मिळून बांधलेली गाणी आजही ऐकली जातात. ती ऐकताना वाजवणाऱ्याचा प्रांत कोणता, हे कोणालाही ओळखता येत नाही.