आंरी देग्रांज : अंधारात जन्मलेल्या शर्यतीचे जनक

जगातील सर्वांत प्रतिष्ठेची सायकल शर्यत म्हणून ‘टूर द फ्रान्स’चे नाव घेतले जाते. या शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना मात्र आरंभी शर्यतीपेक्षा आपल्या वृत्तपत्राच्या खपाची चिंता अधिक होती. रात्रीच्या ज्या थराराने शर्यतीला वाचक मिळवून दिले, त्याच रात्रीने दुसऱ्या वर्षी तिचा जवळजवळ घास घेतला.

देग्रांज यांचा जन्म ३१ जानेवारी १८६५ रोजी पॅरिसमध्ये झाला. तारुण्यात ते वकिली कचेरीत कारकून होते. उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवतात म्हणून त्यांची नोकरी गेली, असे सांगितले जाते. ११ मे १८९३ रोजी त्यांनी पॅरिसच्या बफेलो धावपट्टीवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. तासाच्या विक्रमाची अधिकृत नोंद तेथूनच सुरू होते.

वृत्तपत्रात ते आले एका राजकीय वादामुळे. लष्करी अधिकारी द्रेफ्यूस यांच्यावरील फितुरीच्या आरोपाने तेव्हा फ्रान्स दुभंगला होता. ‘ल व्हेलो’ या आघाडीच्या क्रीडा दैनिकाचे संपादक पिएर जिफार द्रेफ्यूस यांच्या बाजूचे. त्यामुळे चिडलेल्या मोटार आणि सायकल कारखानदारांनी ऑक्टोबर १९०० मध्ये स्वतःचे दैनिक काढले आणि संपादकपदी देग्रांज यांना बसवले. ‘ल व्हेलो’ हिरव्या कागदावर निघत असे, म्हणून नव्या पत्राने पिवळा कागद निवडला. नावाच्या साम्यावरून न्यायालयात हार झाल्यावर १९०३ मध्ये त्याचे नाव केवळ ‘ल’ओतो’ उरले. खप मात्र सुमारे २५ हजारांवर रेंगाळत होता.

नोव्हेंबर १९०२ मध्ये जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्याने संपूर्ण फ्रान्सला वळसा घालणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. देग्रांज साशंक होते, पण हिशेब सांभाळणारे व्हिक्टर गोदे राजी झाले. जानेवारीत घोषणा झाली आणि प्रवेशिका मोजक्याच आल्या. येथे देग्रांज यांच्यातील आयोजक दिसतो. त्यांनी तारखा जुलैवर ढकलल्या, प्रवेश शुल्क २० फ्रँकवरून १० केले आणि पहिल्या ५० स्पर्धकांना दिवसाला ५ फ्रँक भत्ता देऊ केला. परिणामी १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळच्या माँजेराँ येथून ६० जण निघाले.

टप्पे सहा, एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते लिऑन हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-कोल्हापूरपेक्षाही लांब. तो दिवसाउजेडी पुरा होणे अशक्य, म्हणून स्पर्धकांनी रात्रभर सायकल हाकायची. देग्रांज स्वतः पॅरिसमध्येच थांबले. लफेव्र कधी रेल्वेने, कधी सायकलने पुढे जाऊन तपासणी नाक्यांवर स्पर्धकांना गाठत. पूर्वी धुराडी साफ करणारे मोरीस गारँ विजयी झाले, २१ जणांनी शर्यत पूर्ण केली आणि खप ६५ हजारांवर गेला.

१९०४ मध्ये अंधाराने किंमत वसूल केली. सेंट एटिएनजवळच्या घाटात स्थानिक सायकलपटूचे समर्थक रात्री दबा धरून बसले आणि त्यांनी गारँ यांच्यासह इतरांना मारहाण केली. पिस्तूल झाडून जमाव पांगवावा लागला. नीमला दगडफेक झाली, रस्त्यांवर खिळे पसरले गेले. रात्री कोण रेल्वेत बसतो, कोण मोटारीच्या आधाराने जातो, हे पंचांना दिसणार कसे? वर्षअखेरीस राष्ट्रीय सायकल संघटनेने पहिल्या चौघांना बाद केले आणि १९ वर्षांच्या आंरी कॉर्ने यांना विजेता ठरवले. देग्रांज यांनी शर्यत संपल्याचे अग्रलेखात लिहूनही टाकले होते.

पण १९०५ मध्ये ते नवा आराखडा घेऊन आले : ११ लहान टप्पे, रात्रीची धाव शक्यतो टाळलेली आणि वेळेऐवजी क्रमांकावर गुण. माझ्या मते शर्यतीचा खरा जन्म या वर्षीचा. १९१० मध्ये पिरेनीज आणि १९११ मध्ये आल्प्समधील गालिबिए घाट आला. उंच घाटांतील लांबलचक टप्प्यांसाठी पुढे पहाटेपूर्वीच सायकली निघू लागल्या. १९१९ मध्ये आघाडीवीराला पिवळी जर्सी मिळाली. तिचा रंग वृत्तपत्राच्या कागदावरून आला, असे मानले जाते.

नियमांच्या बाबतीत ते निष्ठुर होते. १९१३ मध्ये अजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. ते सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक चालले आणि लोहाराच्या भट्टीत त्यांनी तो स्वतः जोडला. एका मुलाने भाता हलवला, म्हणून त्यांना वेळेचा दंड झाला. बाहेरची मदत घ्यायची नाही, एवढा तो नियम. त्यात माणुसकीला जागा नव्हती. मात्र कठोरपणा स्वतःलाही लागू होता. पहिल्या महायुद्धात पन्नाशी ओलांडलेले देग्रांज साधे शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाले.

कारखानदारांच्या संघांनी शर्यत वेठीस धरल्याचे पाहून १९३० मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघ आणले आणि खर्चासाठी जाहिरातदारांचा ताफा शर्यतीपुढे सोडला. १९३६ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याने त्यांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. सूत्रे व्हिक्टर गोदे यांचे पुत्र जाक यांच्याकडे गेली. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला देग्रांज यांनी सतत विरोध केला होता. ती १९३७ मध्ये, ते गेल्यावर लगेचच, आली.

जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्यानंतर दोन महिन्यांनी, १६ ऑगस्ट १९४० रोजी भूमध्य किनाऱ्यावरील घरी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी टूर झालीच नव्हती. ती पुन्हा निघाली १९४७ मध्ये. गालिबिए घाटात १९४९ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले.