नेहरू जाकीट: सुटाबुटातला बॅरिस्टर खादीत आला, त्याची गोष्ट

लग्नसराईत शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही मांडवात जा. नवरदेवाच्या मित्रांच्या अंगात रंगीत जाकिटं दिसतील आणि पुढाऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर काळं किंवा करडं जाकीट. उभी कॉलर, पुढे बटणं, बाह्या नाहीत. आजची पोरं त्याला मोदी जाकीट म्हणतात, पण त्याचं जुनं नाव नेहरू जाकीट. गंमत म्हणजे कुडत्यालाही आपल्याकडे नेहरू शर्ट म्हणतात. एका माणसाचं नाव दोन कपड्यांना कसं काय मिळालं?

जवाहरलाल नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादला झाला. वडील मोतीलाल नामांकित वकील होते आणि घरचा थाट इंग्रजी होता. या घरचे कपडे धुवायला पॅरिसला जातात, अशी अफवाही होती. नेहरूंनी आत्मचरित्रात ती खोडून काढली, तरी लोक आजही सांगतात. १९०५ मध्ये ते इंग्लंडला हॅरो शाळेत गेले, पुढे केंब्रिजला शिकले आणि १९१२ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. तेव्हाच्या फोटोंत ते सूट-टायमध्ये दिसतात.

मग गांधीजींचं असहकार आंदोलन आलं. त्या काळी कापड हा साधा विषय नव्हता. हिंदुस्थानातला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा आणि कापड होऊन इथल्याच बाजारात विकला जायचा. त्यात इथल्या विणकरांचा धंदा बसला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कपड्यांची मोठी होळी केली. नेहरूंच्या घरातही विदेशी कपडे गेले आणि खादी आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेहरू पहिल्यांदा तुरुंगात गेले. एकूण नऊ वेळा तुरुंगवास घडला आणि आयुष्याची जवळपास नऊ वर्षं तुरुंगात गेली.

तुरुंगात ते सूत कातायचे. १९४२ च्या मार्चमध्ये मुलगी इंदिरा हिचं लग्न झालं, तेव्हा तिने वडिलांनी कातलेल्या सुताची साडी नेसली होती.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहरूंना पकडलं. तिथून रवानगी झाली थेट अहमदनगरच्या किल्ल्यात. मार्च १९४५ पर्यंत ते तिथे होते. त्यांनी बागकाम केलं आणि १९४४ मध्ये काही महिन्यांत डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ लिहिला.

आता जाकिटाकडे येऊ. पंतप्रधान झाल्यावर समारंभात नेहरू बहुतेक वेळा घालायचे ती लांब बाह्यांची, गुडघ्यापर्यंतची अचकन किंवा शेरवानी, वर गुलाबाचं फूल. उत्तर हिंदुस्थानातल्या या पोशाखाला उभी कॉलर असते. एरवी कुडत्यावर बिनबाह्यांचं खादी जाकीट. ते त्यांनी शोधून काढलेलं नाही. बंडी, सदरी असे प्रकार आधीपासून होतेच. पण फोटोत, सभेत, परदेश दौऱ्यात तेच दिसल्याने नाव त्यांचं लागलं. काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी ते उचललं आणि जाकीट गावोगावच्या शिंप्यापर्यंत पोचलं.

परदेशात मात्र वेगळंच झालं. तिथे अचकन आखूड करून कमरेखालपर्यंत आणली, बाह्या तशाच ठेवल्या आणि त्यालाच नेहरू जॅकेट म्हटलं. बीटल्ससारख्या गायकांनी उभ्या कॉलरचे कोट घातले आणि १९६० च्या दशकात त्याची लाट आली. ती ऐन भरात होती तेव्हा नेहरू हयात नव्हते. २७ मे १९६४ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

म्हणजे एकाच नावाचे दोन कपडे झाले. परदेशातला बाह्यांचा, आपल्याकडचा बिनबाह्यांचा. परदेशातली लाट काही वर्षांत ओसरली, आपल्याकडचं जाकीट टिकलं. फरक एवढाच, की ज्या खादीसाठी लोकांनी तुरुंग पाहिला, ती आता त्यात असेलच असं नाही. पुढच्या वेळी मांडवात एखादं जाकीट दिसलं, तर कापडाला हात लावून बघा.