मायकेल फॅरडे : एका लोहाराचा मुलगा

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे झाला. वडील लोहारकाम करीत. पण त्यांची प्रकृती तोळामासा, त्यामुळे घरात नेहमी ओढगस्त असे. मायकेल जेमतेम लिहायवाचायला शिकला आणि चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचूनही काढी. ज्ञानकोशातील विजेवरच्या लेखाने त्याला विज्ञानाची गोडी लागली. १८१२ साली सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींना पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची जागा मिळाली.

१८२१ साली सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी सँडेमनियन या लहानशा मंडळीत आपल्या विश्वासाची जाहीर कबुली दिली.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडे यांनी एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. एका वेटोळ्यात वीज सोडताच दुसऱ्याला जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची क्षणभर हलली व स्थिरावली. वीज बंद करताच ती पुन्हा हलली. मधल्या वेळात मात्र वीज वाहत असूनही सूची ढळली नाही. चुंबकत्व बदलत असते तेवढाच वेळ शेजारच्या तारेत वीज उत्पन्न होते, हे त्यांनी ओळखले. आजची जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

१८४० साली मंडळीने त्यांना वडील नेमले. पण याच सुमारास त्यांना घेरी येऊ लागली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली, आणि संशोधन जवळजवळ थांबले. १८४४ साली मंडळीतील एका वादात त्यांना काही आठवडे बहिष्कृतही व्हावे लागले. त्यांनी मंडळी सोडली नाही. वडीलपद मात्र १८६० पर्यंत परत मिळाले नाही. १८४५ साली चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवून त्यांनी पुन्हा जगाला चकित केले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नम्रपणे नाकारले. शेवटची वर्षे विस्मरणात गेली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

१९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरले आणि त्यातून क्षणार्धापुरता जबरदस्त प्रवाह सोडला. झपाट्याने बदलणारे चुंबकत्व कवटी पार करून गेले, मेंदूत विद्युतक्षेत्र निर्माण झाले, मज्जापेशी जाग्या झाल्या आणि हाताचे स्नायू हलले. एका गोल वेटोळ्याचा प्रभाव कड्याच्या तारांखाली अधिक व मध्यभागी नगण्य असतो. दोन वेटोळी शेजारी ठेवून प्रवाह उलटसुलट दिशांनी फिरविल्यास ती जिथे मिळतात तिथे प्रभाव एकवटतो. तोही मेंदूच्या वरच्या थरांतच जोरदार असतो. औषधांनी न हटणाऱ्या खिन्नतेच्या आजारात आज हा उपचार केला जातो.

या उपचाराने फॅरडे यांची स्मृती परत आली असती, असे म्हणण्याचा हेतू नाही. पण स्वतःचा मेंदू थकत असताना ते जमेल तेवढे काम करीत राहिले, आणि त्यांच्या शोधाचा दिलासा आज दुसऱ्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचतो आहे.